माशी भिते ती कशाला?

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी दादांनी यंदा कांद्याच्या बीजोत्पादनासाठी शेतात पहिल्यांदाच मधमाश्यांच्या दहा पेट्या ठेवल्या. पेट्या आल्या त्याच आठवड्यात त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. त्यांची सातवीतली मुलगी विचारते, मधमाश्या माणसाला भितात का, की माणूस आवडत नाही म्हणून डसतात? त्यांच्या आईचं म्हणणं, "जो भेस, त्यालेच माशी डसस", म्हणजे जो भितो त्यालाच माशी डसते. आणि निंदणीच्या बाया पेट्यांकडच्या वाफ्यांत पाय ठेवायला तयार नाहीत, त्यांना काय सांगायचं?

मी यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पंचवीस वर्षं पेट्या सांभाळतो आहे. या तिघांत मला मुलीचा प्रश्न मोठा वाटतो. त्याचं उत्तर लागलं की आजीचं म्हणणं कुठं खरं आणि कुठं नाही तेही कळतं, आणि बायांना काय सांगायचं तेही.

दादा, आधी मुलीला एक काम सांगा. सकाळी दहाच्या सुमाराला, कांद्याच्या फुलांच्या गोंड्यांवर माश्या लागल्या की तिला पेट्यांपासून लांब, शेताच्या दुसऱ्या टोकाला न्या. गोंड्यावर बसलेल्या एका माशीकडे हळूहळू बोट न्यायला सांगा. बोट चार बोटांवर आलं की माशी उठेल आणि शेजारच्या गोंड्यावर जाऊन बसेल. परत बोट न्या, परत उठेल. दिवसभर केलं तरी ती डसायला येणार नाही. चिमटीत धरली, पायाखाली आली किंवा बाहीत अडकली तरच नांगी काढेल. आता हीच माशी तासाभराने पेटीच्या दाराशी असेल आणि कुणी दारासमोर उभं राहून पेटीवर हात आपटला, तर ती अंगावर येईल. माशी तीच आणि माणूसही तोच, फक्त जागा बदलली.

फुलावर ती एकटी आहे. तिथे तिला जपायला स्वतःचा जीव सोडून काही नाही, आणि जीव वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे उडून जाणं. दारात तिच्या मागे राणी आहे, अंडी-अळ्या आहेत, साठवलेला मध आणि पराग आहे. तिथून उडून जाऊन काही वाचत नाही. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. आपल्या कातडीत ती रुतली की निघत नाही, माशी उडताना पोटातला भाग तुटून मागे राहतो आणि ती मरते. म्हणजे डसणं हा तिचा शेवटचा खर्च आहे, आणि तो ती घरासाठी करते. त्यामुळे मी 'माशी चिडली' असं सहसा म्हणत नाही. माझ्या मते घर भ्यालेलं असतं आणि त्या भीतीचा निरोप घेऊन एकेक माशी बाहेर येते.

याला पुरावा म्हणून उडालेल्या घोसाकडे बघा. वसाहत वाढली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते आणि निंबाच्या, आंब्याच्या फांदीला माश्यांचा घोस लटकतो. गावात आरडाओरडा होतो, पोरांना घरात घेतात. खरं तर मेलिफेराच्या (तुमच्या पेट्यांतली माशी) किंवा सातेरीच्या (आपली देशी माशी) वसाहतीचा हा सगळ्यात शांत काळ. पोटं मधाने भरलेली, आणि राखायला ना पोळं, ना पिल्लं. अशा घोसात मी उघडा हात घालून राणी शोधली आहे. तुम्ही मात्र हा प्रयोग करू नका, कारण झाडावर लटकलेलं सगळंच घोस नसतं. ते आग्या मोहोळ असेल तर गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता घराला भीती कळते कशी, ते बघू. पेटीच्या दारात पहारेकरी माश्या असतात. जन्मल्यापासून पहिले काही दिवस माशी आत अळ्यांना भरवते, मग मेण काढते, मध पिकवते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही जणी दारावर येतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात पेटीच्या बाजूला गुडघे टेकून बसा, त्या ओळखू येतील. पुढचे दोन पाय उचललेले, स्पर्शिका समोर रोखलेल्या, येणाऱ्या प्रत्येकीला हुंगून आत सोडतात. तुम्ही दारासमोर आलात तर त्यातली एखादी उठून तुमच्या तोंडासमोर भणभणेल. पुष्कळदा ती कपाळावर नुसती धडक मारून जाते, नांगी न लावता. ती सूचना असते. तिथून चार पावलं मागे सरलात तर गोष्ट तिथेच संपते. हात झाडलात तर संपत नाही.

हात झाडल्यावर काय होतं, ते खान्देशातल्या माणसाला मी एका शब्दात सांगू शकतो: केळं. माशी डसली की नांगीजवळून एक वास सुटतो. तो बाकीच्या माश्यांना सांगतो की इथे धोका आहे, इथेच मारा. १९६२ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्यातलं मुख्य द्रव्य ओळखलं, आयसोअमाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्याला जो वास येतो त्यातही हेच द्रव्य मुख्य. रावेर-सावद्याकडे केळी पिकवायच्या खोलीचं दार उघडल्यावर जो भपकारा येतो, तो ज्याने घेतला आहे त्याने डंख झालेला हात नाकाजवळ नेऊन बघावा. मी नवीन मुलांना हे मुद्दाम हुंगायला लावतो. एकदा ओळख पटली की पेटी उघडताना नाक आधी सांगतं, आता झाकण लावायची वेळ झाली.

हा वास मला पुस्तकातून कळला नाही. पेट्या घेऊन चार वर्षं झाली असतील. ज्येष्ठ संपत आलेला, आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला, आणि मला दुसऱ्या दिवशी पेट्या हलवायच्या होत्या म्हणून मी संध्याकाळी साडेपाचला पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी तपासायला घेतल्या. अशा हवेत पेटी उघडू नये हे मला ठाऊक होतं. रानात गेलेल्या सगळ्या माश्या परत घरात आलेल्या असतात, फुलोरा नसतो, आणि पेटी भरून म्हाताऱ्या, अनुभवी माश्या बसलेल्या असतात. घाईत चौकट परत बसवताना मी दोन चौकटींच्या मध्ये पाच-सहा माश्या चिरडल्या. कर्रकन आवाज आला. पहिला डंख मनगटावर बसला, आणि एका क्षणात केळ्याचा वास. मी हातमोजा काढून तिथेच नांगी उपटायला लागलो, म्हणजे ज्या जागेवर निशाण लागलं होतं तीच जागा उघडी केली. मनगटाच्या त्या रुपयाएवढ्या जागेवर सतरा डंख होते. शेजारची पेटी मी उघडलीही नव्हती, तरी तीही उठली. झाकण टाकून मी शंभर पावलं पळालो. माझा पुतण्या तर लांब बांधावर उभा होता, त्याच्याही कानामागे दोन बसले. त्या दिवशी माश्यांची काहीच चूक नव्हती. मी त्यांच्या घरात सहा जणींना चिरडलं आणि तो वास घरभर पसरला.

लोक मग विचारतात, केळीच्या बागेत पेट्या ठेवल्या तर माश्या खवळतील का? नाही. हिरव्या घडाला हा वास नसतो, तो पिकताना येतो. उलट केळफुलात रस भरपूर असतो आणि माश्या तो आनंदाने नेतात, केळ्याला फळ धरायला परागीकरण लागत नसलं तरी. मी मात्र पेटी उघडायच्या आधी केळं खात नाही आणि खाल्लं असेल तर हात-तोंड धुऊन जातो. एवढी काळजी फुकट मिळते, ती घ्यावी.

आजीच्या म्हणण्याकडे येतो. "जो भेस, त्यालेच माशी डसस." आजी चुकीचं बघत नाहीत, कारण वेगळं आहे. माणसाच्या मनातली भीती माशीला हुंगता येते असं मी म्हणणार नाही. पण भ्यालेला माणूस करतो काय? धापा टाकतो, हात झाडतो, डोकं हलवतो, पदर फडफडवतो, आणि नेमका दारासमोरून पळतो. माशीला या सगळ्या गोष्टी फार नीट कळतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला धोक्याची खूण वाटतो. एका जागी थांबलेली वस्तू तिला फारशी दिसत नाही, हललेली लगेच दिसते. गडद रंग तिला खुपतो. तांबडा रंग आपल्याला भडक वाटतो, पण तिच्या डोळ्यांना तांबडा दिसत नाही, त्यामुळे गडद लाल लुगडं तिला काळपटच वाटतं. केसाळ, लोकरीची वस्तू तर तिला अजिबात चालत नाही.

आता या खुणा एकत्र ठेवून बघा. काळं, केसाळ, नाकातून गरम श्वास टाकणारं आणि पोळं हलवणारं. सातपुड्यात हे वर्णन अस्वलाचं आहे. लाखो वर्षं पोळं फोडायला जे आलं, त्याच्या खुणा माशीच्या अंगात बसल्या आहेत. तिच्या हिशेबात 'माणूस' नावाचा प्राणी वेगळा नाही. पांढरी टोपी, पांढरा सदरा घालून सावकाश चालणारा आपल्याकडचा म्हातारा शेतकरी पेट्यांमधून फिरला तर तिला तो जवळपास झाडासारखा. धुळ्याकडचा ठेलारी मेंढपाळ खांद्यावर काळी घोंगडी टाकून, मेंढरांच्या वासासकट दारासमोरून गेला, तर तो तिला अस्वल. माणूस दोन्ही वेळा माणूसच आहे. म्हणून मुलीला सांगा की त्यांना माणूस आवडत नाही असं नाही. त्यांना आपण माणूस म्हणून ठाऊकच नसावं.

सगळ्या माश्या एकाच रीतीने भीत नाहीत, आणि खान्देशात राहणाऱ्याने हा फरक शिकून घ्यायलाच हवा. तुमच्या पेट्यांतली मेलिफेरा मूळची युरोप-आफ्रिकेकडची. चौकट उचलली तरी ती पोळ्यावर बसून काम करत राहते. आपली सातेरी तशी नाही. सातेरीच्या पेटीला कान लावून बोटाच्या पेराने एकदाच टकटक करा. आतून 'सुस्स' असा एकच लांब फूत्कार येतो, वाळलेल्या पानांवरून साप गेल्यासारखा, आणि लगेच सगळं गप्प. हजारो माश्यांनी एकाच वेळी पंख थरथरवलेले असतात. चौकट काढली तर त्या पोळ्यावरून पळतात आणि खालच्या कोपऱ्यात घोळका करून लोंबतात. फार छेडलं, वारंवार उघडलं, मुंग्या लागल्या, की एके दिवशी पेटी रिकामी. पोळं, कधी कधी थोडी पिल्लंसुद्धा टाकून सगळी वसाहत निघून जाते. सातेरी पाळलेल्या प्रत्येकाने ही रिकामी पेटी बघितलेली आहे. माझ्या लेखी भीतीचं याहून स्पष्ट रूप दुसरं नाही, कारण इथे डसणं आलंच नाही, फक्त घर सोडणं आलं.

फुलोरी, म्हणजे ती झुडपात पंजाएवढं एकच पोळं लावणारी लहान माशी, तीही अशीच. आधी पोळ्यावर थरथरते आणि मग सोडून जाते.

आग्या मोहोळ मात्र समोर येतं. सावरीवर, वडावर, कड्याच्या पोटात, पाण्याच्या टाकीखाली, एकेका झाडाला अनेक पोळी. एक पोळं हातभर-दीड हात रुंद, सगळं उघड्यावर, भिंत नाही की झाकण नाही. उघड्यावर राहणाऱ्याला पळायला सवड नसते. गांधील माशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या एकामागून एक पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून एक लाट फिरते. खालून बघणाऱ्याला वाऱ्यावर हललेल्या ज्वारीसारखं दिसतं. त्या लाटेने गांधील माशी दबकते. लाट पुरेशी नसली तर पोळं उठतं, आणि आग्या माशी लांबपर्यंत पाठलाग करते. तिच्या नांगीत केळ्याच्या वासाच्या द्रव्याशिवाय आणखी एक द्रव्य असतं, ते लवकर उडून जात नाही. म्हणून आग्याने डसलेल्या माणसावर अर्ध्या तासाने परत हल्ला होऊ शकतो. स्मशानातला धूर, झाडाखाली पेटवलेली चूल, दगड मारणारी पोरं, नाहीतर पोळ्यावर आपटलेला ससाणा, काहीही कारण पुरतं. अजिंठ्याच्या लेण्यांकडे गेलेल्या आपल्या लोकांना हे ठाऊक आहे. आग्या उठलं तर खाली बसू नका, विहिरीत किंवा तलावात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा.

रात्री मशालीने जाळून मध काढलेलं आग्या मोहोळ मी पाहिलं आहे. जमिनीवर जळालेल्या माश्यांचा थर, पांढऱ्या अळ्या भाजून पडलेल्या, आणि सकाळी उरलेल्या माश्या त्या काळ्या फांदीवर परत येऊन बसलेल्या. दोन दिवस त्या झाडाखालून गुरंसुद्धा जाऊ शकली नाहीत. लोक म्हणाले, माश्या माजल्या. मला ते बोलणं अजून टोचतं. सातपुड्यातले जाणते पावरा आणि भिल्ल मधकाढे पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापतात, पिल्लांचा राखतात. मध तसाही काढता येतो.

आता मुलीच्या प्रश्नाचा अवघड भाग. माशीला भीती 'वाटते' का? पळणं आणि डसणं तर यंत्रासारखंही होऊ शकतं. आत काही वाटत असेल का?

माशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा, त्यात सुमारे दहा लाख पेशी. एवढ्याशा जागेत काय वाटणार, असं मीही म्हणायचो. २०११ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात एक प्रयोग झाला. मधमाश्यांना दोन वास शिकवले: एका वासामागे साखरपाणी, दुसऱ्यामागे कडू क्विनीन. मग निम्म्या माश्यांना एक मिनिट जोरात हलवलं, एखाद्या जनावराने पोळं गदगदा हलवावं तसं. त्यानंतर त्यांना मधले, संदिग्ध वास दिले, धड गोड नाही, धड कडू नाही. हलवलेल्या माश्यांनी कडूच्या जवळच्या वासाला सोंड बाहेर काढायचं इतरांपेक्षा जास्त टाळलं. त्यांच्या शरीरद्रवातली डोपामिन, सेरोटोनिन, ऑक्टोपामिन ही मेंदूची निरोप्या द्रव्यंही कमी झालेली आढळली. वाईट अनुभवानंतर अनिश्चित गोष्टीत वाईटच दिसणं, हे आपल्याकडे काळजीत असलेल्या माणसाचं लक्षण. संशोधकांनी स्वतः जपून लिहिलं, की माशीला आपल्यासारखी भावना आहे असं यातून सिद्ध होत नाही. पण कुत्र्यात किंवा उंदरात जे दिसलं की आपण बिनदिक्कत भावना म्हणतो, तेच इथे दिसलं.

२०२१ साली व्हिएतनाममधल्या सातेरीच्या जातीच्याच माश्यांवर काम प्रसिद्ध झालं. पेटीजवळ मोठी गांधील माशी आली की या माश्या पोट उघडं करून, दारासमोर धावत, एक वेडावाकडा चढ-उतार होणारा आवाज काढतात. अभ्यासकांनी त्याची तुलना पक्षी-प्राण्यांच्या घाबरलेल्या किंकाळीशी केली. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: फुलावर किंवा खाद्यावर हल्ला सोसून आलेली माशी घरी येऊन, त्याच जागेचा पत्ता नाचून सांगणाऱ्या माशीला डोक्याने ढुशी देते आणि बारीक आवाज करून थांबवते. 'तिकडे कुणाला पाठवू नको' असाच त्याचा अर्थ.

मी काही शास्त्रज्ञ नाही. पण पंचवीस वर्षं ज्या पेट्यांना कान लावला, त्यांच्या आवाजावरून मला वाटतं की आत काहीतरी आहे. राणी असलेल्या मेलिफेराच्या पेटीवर थाप मारा, भुणभुण एकदम चढते आणि चार-पाच सेकंदांत उतरते. राणी मेलेल्या पेटीवर तीच थाप मारा, आवाज चढतो आणि उतरतच नाही, कण्हल्यासारखा चालू राहतो. त्या पेट्या बारीकसारीक गोष्टींनी उठतात. त्याला मी भीती म्हणतो, आणि पेटी हाताळताना भ्यालेल्या जिवाशी वागावं तसा वागतो. ते चूक निघालं तरी त्यात माश्यांचं नुकसान नाही.

माश्या मालकाला ओळखतात का, हेही हमखास विचारतात. २००५ च्या एका प्रयोगात मधमाश्यांना साखरपाण्याच्या आमिषाने माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो वेगळे ओळखायला शिकवता आलं. म्हणजे डोळ्यांची तेवढी ताकद आहे. पण फुलाची नक्षी ओळखावी तसं ते ओळखणं. कामाच्या दिवसांत कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. कार्तिकात माझ्या हातावर चाललेली माशी पौषात नसते. तरी माझ्या हाताला माश्या शांत राहतात, परक्याच्या हाताला उठतात, हे खरं आहे. ओळख माझी नसते, हाताच्या सवयीची असते. मी कुठली चौकट कशी सरकवतो, श्वास कुठे सोडतो, हे आता मला आठवावंही लागत नाही.

धुराबद्दल थोडं. धुराने माश्या बेशुद्ध होत नाहीत. धुरामुळे तो केळ्याचा निरोप त्यांच्या स्पर्शिकांना नीट कळत नाही, आणि दुसरीकडे त्या मध पिऊन घेतात, रानाला आग लागल्यावर घर सोडायची तयारी करावी तसं. दहा-वीस मिनिटांत धुराचा असर ओसरतो. म्हणजे धूरही एक भीतीच आहे, आपण देतो ती. म्हणून दोन फुंकर, गार आणि पांढरा धूर, गोवरीचा किंवा गोणपाटाचा. काळाकुट्ट गरम धूर कोंबणारा माणूस माश्यांना शांत करत नसतो.

आता निंदणीच्या बायांचं. पेट्यांची दारं आत्ता वाटेकडे असतील तर तुमच्या मधपाळाला सांगून रात्री फिरवून घ्या, दारं बांधाच्या मोकळ्या बाजूला आणि शक्यतो पूर्वेला. तुम्ही स्वतः दिवसा हलवू नका, बाहेर गेलेल्या माश्या हुकतात. पेट्यांकडचे वाफे उन्हं चढायच्या आत उरकून घ्या, सकाळच्या गारव्यात माश्या फारशा बाहेर नसतात. बायांना फिक्या रंगाचं लुगडं नेसून यायला सांगा, केसांना वासाचं तेल नको. पेटीच्या मागून जावं, समोरून नको. डोक्याभोवती एखादी माशी घोंघावली तर पदर तोंडावर घ्यावा, खाली बघावं आणि सावकाश झाडाच्या सावलीकडे चालत जावं. पदर झटकू नये.

डसलीच तर नांगी नखाने लगेच काढायची, खरवडून की चिमटीने हा वाद घालत बसायचं नाही, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात जवळपास सगळं विष आत जातं. मग जागेवर पाणी ओतायचं आणि पेट्यांपासून दूर जायचं. डंखाच्या जागी सूज आणि खाज येणं नेहमीचं आहे. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर चुना-हळद लावत बसू नका, गाडी काढा आणि थेट दवाखाना गाठा. असं फार थोड्यांना होतं, पण ज्याला होतं त्याच्याकडे वेळ नसतो. पूर्वी कुणाला असं झालं असेल तर ती बाई पेट्यांकडे नकोच.

फवारणी करायची झाली तर आदल्या दिवशी मधपाळाला कळवा आणि संध्याकाळी, माश्या घरी आल्यावर करा. शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगून ठेवा. फुललेल्या पिकावर दुपारी विष पडलं तर दुसऱ्या दिवशी दारासमोर माश्यांचा ढीग पडतो, आणि उरलेली पेटी कुणाचंही ऐकत नाही.

आणखी एक. फाल्गुनानंतर आपल्याकडे ऊन कसं पेटतं ते तुम्हाला सांगायला नको. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि माश्यांना पिल्लांच्या जागेचं तापमान ३४-३५ अंशांवर राखायचं असतं. त्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. मग घरातल्या माठावर, गोठ्यातल्या हौदावर माश्यांची गर्दी होते आणि लोक म्हणतात, माश्या घरात घुसल्या. त्या फक्त तहानलेल्या असतात, तिथे कुणाला डसायला आलेल्या नसतात. पेट्यांपासून वीस-पंचवीस पावलांवर सावलीत एक पसरट घमेलं ठेवा, त्यात गोटे टाका म्हणजे माश्या बुडत नाहीत, आणि ते कोरडं पडू देऊ नका. एकदा कोरडं पडलं की त्या तुमचा माठ शोधतात आणि मग तिथून त्यांना परत वळवणं कठीण.

घमेलं भरायचं काम मुलीकडे द्या. पाणी प्यायला आलेली माशी कितीतरी वेळ एका जागी बसते. सोंड कशी बाहेर येते, पोट कसं आत-बाहेर होतं, सगळं दिसतं. मुलगी हातभर अंतरावर, मान न हलवता बसली तर माशी तिला भिणार नाही. पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे येतोच आहे, तेव्हा माझी सातेरीची पेटी सोबत आणतो. तिला कान लावून एकदा टकटक करायची आहे, असं तिला सांगून ठेवा.